‘गावात लायसन्स कोण बघतो?’ या मेसेजला उत्तर

गणपती तोंडावर आले की वाड्यावाड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. चेकिंगला घाबरू नका, असं गावी निघालेल्या मुंबईकरांना सांगणारा. त्यात पाच गोष्टी असतात. गावातल्या रस्त्यावर लायसन्सची सक्ती नाही. सोळा वर्षांच्या मुलाला बिनगियरची स्कूटर चालवता येते. कागद जवळ नसले तर पंधरा दिवसांत दाखवायचे, तोवर पोलीस काही करू शकत नाहीत. मोटारीच्या लायसन्सवर टेम्पो चालतो. आणि थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीचा विमा, काढलेली असली की अपघातात सगळं कंपनी भरते.

मी रत्नागिरीत मोटार अपघाताच्या दाव्यांची वकिली करतो. या पाचांपैकी एक गोष्ट खरी आहे, दोन अर्धवट आहेत आणि दोन साफ खोट्या. शेवटची खोटी गोष्ट तर माणसाला कायमचं कर्जात बुडवू शकते, म्हणून हे लिहितो आहे.

पहिली गोष्ट गावच्या रस्त्याची. मोटार वाहन कायदा 1988 मधलं कलम 3 सांगतं की सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवायची तर चालू लायसन्स हवं. सार्वजनिक ठिकाण कशाला म्हणायचं तेही त्याच कायद्यात लिहिलेलं आहे: लोकांना जायचा हक्क असलेला कोणताही रस्ता, वाट किंवा जागा, मग ती पुढे कुठे मिळत असो वा नसो. तेव्हा मुंबई-गोवा महामार्गाला जो नियम, तोच देवळाकडे उतरणाऱ्या ग्रामपंचायतीच्या रस्त्याला, तोच जेटीवरच्या मोकळ्या जागेला. वाडीच्या रस्त्यावर पोलीस उभे नसतात एवढाच काय तो फरक. तिथे एका बाजूला जांभ्याचा गडगा असतो, दुसऱ्या बाजूला उतार, मध्ये एकच गाडी जाईल एवढी रुंदी आणि वळणापलीकडून शाळेतून सुटलेली पोरं येत असतात. गाडीवर पक्का हात हवा तो नेमका इथे. महामार्गावर निदान बाजूला घ्यायला जागा तरी असते.

सोळा वर्षांची सवलत कायद्यात आहे, पण ती 50 सीसीपर्यंतच्या बिनगियर दुचाकीपुरती. आज घराघरांत दिसणाऱ्या स्कूटर 110 किंवा 125 सीसीच्या आहेत. शिवाय त्या सवलतीतही लायसन्स काढावंच लागतं. 2019 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 199अ मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नसावं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. पुढे रिक्षा किंवा टुरिस्ट गाडी चालवून पोट भरायचं असेल, तर त्या मुलाची ऐन उमेदीची वर्षं यात जातात.

पंधरा दिवसांची गोष्ट नियमांतूनच उचललेली आहे, पण अर्धीच. मुदत असते ती कागद दाखवायला, काढायला नव्हे. पोलिसांनी थांबवलं त्या क्षणी लायसन्स आणि इन्शुरन्स अस्तित्वात असायला हवेत, घरी विसरले असतील एवढंच. अपघात झाल्यावर संध्याकाळी ऑनलाइन पॉलिसी काढून दुसऱ्या दिवशी दाखवली, तर ती दुपारच्या अपघाताला लागू होत नाही. पॉलिसीवर तारखेबरोबर सुरू होण्याची वेळही छापलेली असते, आणि जिथे वेळ लिहिलेली आहे तिथे संरक्षण त्या वेळेपासूनच, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 च्या दशकातच सांगितलं आहे. तसंही आता विसरण्याचा प्रश्न उरलेला नाही. डिजिलॉकर आणि एम-परिवहन या सरकारी ॲपमधले कागद 2018 पासून ग्राह्य धरले जातात.

आता खरी गोष्ट. हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर 7,500 किलोपर्यंत वजनाचं मालवाहू वाहन चालवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने हे 2017 मध्ये म्हटलं होतं, आणि 6 नोव्हेंबर 2024 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते कायम केलं. आंब्याच्या हंगामात छोटा टेम्पो चालवणाऱ्या कितीतरी पोरांना या निकालाचा आधार आहे.

पण मेसेज तिथेच थांबतो. विसर्जनाला टेम्पोच्या हौद्यात मूर्तीबरोबर अख्खी वाडी चढते, लग्नात वऱ्हाड चढतं, भजनाची डबलबारी असली की मंडळी चढतात. मालवाहू गाडीत असे बसलेले प्रवासी विमा कंपनीच्या जबाबदारीत येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 सालच्या आशा राणी खटल्यापासून पक्कं केलेलं आहे. पेट्यांबरोबर बसलेला मालाचा मालक किंवा त्याचा माणूस धरला जातो, बाकीचे नाही. घाटात टेम्पो कलंडला तर त्या सगळ्यांची भरपाई टेम्पोवाल्याच्या डोक्यावर येते. हप्ता फिटलेला नसतो असा टेम्पोवाला ती कुठून देणार?

राहिली शेवटची गोष्ट, ‘सगळं कंपनी भरते’. इथे मला जास्त बोलायचं आहे.

नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर तुमच्या मागे बसलेली बायको किंवा भाऊ त्यात येत नाही. मोटारीतले घरचे लोकही नुसत्या थर्ड पार्टीत येत नाहीत, त्यासाठी स्वतःच्या गाडीचाही विमा असलेली पॅकेज पॉलिसी लागते. गाडीमालक स्वतः चालवत असताना गेला तर 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, पण तो मिळायला त्याच्याकडे चालू लायसन्स असावं लागतं. खासगी मोटारीत कणकवलीपर्यंत डोईमागे भाडं घेऊन माणसं आणली, तर ते पॉलिसीच्या अटीविरुद्ध आहे आणि कंपनी तेच पुढे करते.

लायसन्स नसलेल्याच्या हातून कुणी दगावलं तर काय होतं? समजा मालवणजवळच्या घरी पडवीत एक स्कूटर आहे. ती डोंबिवलीत राहणाऱ्या थोरल्या भावाच्या नावावर. चावी खुंटीला, घरातला कुणीही काढतो. भाचा बिनलायसन्सचा आहे हे भावाला माहीत आहे. भाच्याने बाजारातून येताना एका म्हातारीला उडवलं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या स्वर्णसिंग निकालानंतर मोटार अपघाताचे दावे चालवणारं न्यायाधिकरण बहुधा असा आदेश देतं की कंपनीने आधी म्हातारीच्या घरच्यांना पैसे द्यावेत आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावेत. ‘कंपनी भरते’ हे एवढ्यापुरतंच खरं. आणि न्यायाधिकरणाची रक्कम वसूल करायची वेळ आली तर कलम 174 खाली जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करू शकतात. कोकणात ज्याच्या नावावर दुसरं काही नाही त्याच्याही नावावर सामायिक सातबाऱ्यात चार गुंठे कलमाची बाग असतेच.

इन्शुरन्स संपलेला असेल तर आधी द्यायलाही कुणी नाही. मग म्हातारीच्या घरच्यांनी निकाल हातात घेऊन वसुलीसाठी खेटे घालायचे, आणि तेही शेजारच्याच वाडीतल्या माणसाविरुद्ध. निकाल मिळूनही पैसे न मिळालेली घरं मी पाहिली आहेत. त्यांना कोणता मेसेज पाठवायचा?

‘ती गाडी मी कधीच विकली’ हेही चालत नाही. नोंदणी पुस्तकात ज्याचं नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केलं. मुंबईत वापरून जुनी झालेली आणि गावी कुणाला तरी देऊन टाकलेली दुचाकी आरटीओत नावावर करून दिली नसेल, तर अपघाताची नोटीस तुमच्याच दारी येईल.

म्हणून निघण्याआधी गावच्या गाडीचा नंबर एम-परिवहनवर टाका आणि इन्शुरन्सची तारीख बघा. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी सक्तीची आहे, त्यामुळे गाडी घेतली तेव्हाचा कागद अजून चालू असेल असं वाटत राहतं आणि तो कधी संपला ते कळत नाही. 75 ते 150 सीसीच्या दुचाकीला जून 2022 च्या दराने वर्षाचे 714 रुपये आणि वर जीएसटी. भाच्याला स्कूटर हवीच असेल तर त्याचं वय आधी अठरा पूर्ण हवं. मग शिकाऊ लायसन्स आधारवरून घरबसल्या निघतं आणि तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. मे महिन्यात सुरुवात केली तर गणपतीपर्यंत हे सहज होतं. अजून काहीच केलेलं नसेल, तर यंदा चावी खुंटीवरून काढून तुमच्या खिशात ठेवा.