दहा वर्षांच्या पोराला शिकवणार कोण?

सोलापूरच्या पार्क चौकातल्या कट्ट्यावर वादाला तोंड फुटलं ते अण्णाच्या मागणीवरून. आयएसएल या फुटबॉल लीगमध्ये परदेशी स्ट्रायकरवर बंदी घाला, दोन वर्षांत आपली पोरं गोल मारायला लागतील!

"कुठून येणार बे पोरं? झाडाला लागतात काय?" बँकवाला.

"इंग्लंडात आहे की नियम. क्लबच्या 25 जणांत 8 होमग्रोन, 2010 पासून." अण्णा.

आकड्यांवर बँकवाल्याला गप्प बसवत नाही. होमग्रोन म्हणजे इंग्रज नव्हे, त्यानं सुनावलं. 21 वर्षांचा होण्याआधी तीन हंगाम तिथल्या क्लबांकडे नोंद असली की झालं, पोरगा कुठल्याही देशाचा असो. स्पेनचा फाब्रेगास 16व्या वर्षी आर्सेनलमध्ये आला, तोही होमग्रोनच. म्हणजे नियम आला की क्लब पोरं घडवतीलच असं नाही, दुसऱ्यांची कमी वयात उचलतील.

पीटीचे सर तोवर ऐकत होते. "कोट्यानं टीममध्ये जागा मिळेल, पहिला टच, म्हणजे आलेला बॉल काबूत घेणं, कुठून मिळणार? तो आठ ते बाराव्या वर्षात बसतो. त्या वयाला आपल्याकडे कोच कोण असतो? मोठ्या टीममधला दुखावलेला गोलकीपर."

मग लायसन्सचा विषय निघाला. एआयएफएफचं, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचं ई, मग डी, त्यावर सी, बी, ए आणि प्रो. डीचा कोर्स सहा दिवसांचा. वरवर किरकोळ. पण शाळेत तासिका तत्त्वावर असलेल्या माणसाचे सहा दिवस म्हणजे सहा दिवसांचं मानधन गेलं. वर फी, आणि कोर्स पुण्या-मुंबईला लागला तर राहणं-खाणं. हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट त्यात सगळ्यात स्वस्त. वाचायचं साहित्य इंग्रजीत. परीक्षेत मैदानावर सेशन घेऊन दाखवायचं. तिथं खेळ कळणारा माणूस भाषेपायी अडखळतो आणि फाडफाड बोलणारा पुढे सरकतो, हे सरांचं मत. मला ते थोडं एकांगी वाटतं, पण खोटं नाही.

"बरं, मिळालं लायसन्स. पुढं?" अण्णा.

"पुढं शाळा त्याला 17 खालच्या टीमवर बसवते. सुब्रोतो कप, शालेय स्पर्धा, करंडक, पेपरात फोटो. दहा वर्षांची पोरं बिनकोचचीच."

आइसलँडचं उदाहरण बँकवाल्यानं काढलं. तेव्हा साडेतीन लाखांच्या आत वस्ती असलेला देश, 2016 ची युरो आणि 2018 चा वर्ल्ड कप खेळला. तिथं सहा-सात वर्षांच्या पोरांनाही पगारी, लायसन्सवाला कोच असतो. "त्यांनी थंडीसाठी छपराची मैदानं बांधली, आपल्याला उन्हासाठी काय?" अण्णाचा सवाल. सर म्हणाले, सकाळी साडेसहा ते आठ, विषय संपला. मे महिन्यात दुपारी चारला समर कॅम्प लावणाऱ्यांना काय म्हणावं!

आता सरांनी फरशीवर खडूनं चौकोन आखला. 16 पोरं, एक गोल, एक रांग. एकानं शॉट मारून बॉल परत आणेपर्यंत 15 सेकंद धरा. म्हणजे प्रत्येकाची पाळी चार मिनिटांनी, वीस मिनिटांत पाच शॉट. बाकी वेळ ढकलाढकली. त्याऐवजी 25 बाय 18 मीटरचे दोन तुकडे फक्कीनं आखा आणि प्रत्येकात चारास चार खेळवा. गोल म्हणून प्लास्टिकचे दोन कोन, मधे दोन मीटर. गोलकीपर नको. पोरगं सतत खेळात राहतं, वळून बघायला शिकतं. बॉल 4 नंबरचा, 350 ते 390 ग्रॅमचा. मुरुमावर हवेचा दाब 0.6 ॲटमॉस्फिअरच्या आसपास ठेवा, नाहीतर टप्पा गुडघ्यावर येतो आणि पोरं ट्रॅप करायचं सोडून लाथा झाडतात. बुटाला लांब स्टडही नकोत, वाढत्या वयात टाच धरते.

"असं खेळून पोरं हरतील." अण्णा.

"हरतील की. 14 खाली जिंकतो कोण? ज्याला आधी मिशी फुटली तो. त्यात अर्ध्या टीमचा वाढदिवस 1 जून! लांब बॉल मारला, दांडगा पळाला, गोल. बारका हुशार पोरगा बाकावर. दोन वर्षांनी सगळे सारखे उंच होतात, तेव्हा दांडग्याकडे काहीच उरत नाही आणि बारका क्रिकेटला गेलेला असतो." फिफा 17 खालच्या स्पर्धेत 2009 पासून वय तपासायला मनगटाचा एमआरआय काढते, आपल्या इथल्या स्पर्धांत शाळेचा दाखला चालतो, ही बँकवाल्याची पुस्ती.

पैशाचा मुद्दा अण्णानंच काढला. पोरगा घडवला आणि मोठ्या क्लबनं नेला, तर इथल्या क्लबला काय? बँकवाल्यानं हिशेब मांडला. आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरच्या रकमेतले 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात शिकवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. 15 पर्यंतच्या दर हंगामाला 0.25 टक्के, पुढच्या प्रत्येकाला 0.5. एक कोटीच्या व्यवहारात बाराव्या वर्षाच्या हंगामाचे 25 हजार. पण पोरगा सीआरएसवर, म्हणजे एआयएफएफच्या ऑनलाइन नोंदणीत, आपल्या क्लबच्या नावानं नोंदलेला हवा. नुसता ग्रुप फोटो दाखवून छदाम मिळत नाही. आणि बाराच्या आतल्या वर्षांचं काहीच नाही, म्हणजे ज्या वयाबद्दल सर इतका वेळ बोलत होते नेमकं तेच वय कोरडं.

"मग खर्च कोण करणार?"

"मंडळं," सर म्हणाले. "मिरवणुकीच्या एका रात्रीच्या साउंडमध्ये एका माणसाचा डी कोर्स होतो, बुडालेल्या मानधनासकट. आठ बॉल, चोवीस कोन, आठ बिब (टीम ओळखायच्या बंड्या) एवढंच सामान."

अण्णा विचारात पडला. "वर्गणी मी काढतो. पण 17 खालची टीम घ्यायची. मंडळाला करंडक नको का?"

"दहाच्या आतली. नाहीतर तुझी वर्गणी तुझ्याकडं."

यावर अण्णाचं उत्तर अजून आलेलं नाही.