यश 70 टक्के, पण छेदात काय?

गेल्या दोन महिन्यांत एकच फॉरवर्ड मला चौघींनी पाठवला. चौघीही जवळच्या, मनापासून काळजी करणाऱ्या. त्यामुळे राग काढायचा तरी कोणावर? मजकूर साधारण असा: "चाळिशी उलटली म्हणून घाबरू नका! विज्ञान कुठच्या कुठे गेलंय. 45 व्या, 48 व्या वर्षी बायका आई होत आहेत. एएमएच चांगला असेल तर घाईचं कारण नाही. बीजं गोठवून ठेवली की निश्चिंत. चांगल्या खासगी सेंटरमध्ये आयव्हीएफचं यश 70 टक्के! पहिल्या वेळी नाही झालं तर नवनवीन टेस्ट आणि टेक्निक आहेत. पुरुषांना तर वयाची अडचणच नाही. टेन्शन घेऊ नका, हार मानू नका. हा मेसेज गरजू बहिणींपर्यंत पोहोचवा."

गरजू बहीण मीच होते. 39 व्या वर्षी आयव्हीएफसाठी (बीज शरीराबाहेर फलित करून भ्रूण गर्भाशयात सोडायचा उपचार) पहिल्यांदा खासगी सेंटरची पायरी चढले, 42 व्या वर्षी शेवटची उतरले. मी डॉक्टर नाही, पण तीन वर्षं मांडीवर फाइल घेऊन बसलं की माणूस वाचायला लागतो. खासगी उपचारांना माझा विरोध नाही. वय निसटत असताना महिनोन्‌महिने ताटकळावं लागत नाही, ही एक गोष्ट तिथे खरोखर विकत मिळते. माझं भांडण या मेसेजमधल्या वाक्यांशी आहे. त्यांचा क्रम मी बदलते, कारण सगळ्याचं मूळ त्या 70 मध्ये आहे.

"यश 70 टक्के"

कशाचे 70? पहिल्या भेटीत मी हे विचारलं नाही. शाळेत अपूर्णांक शिकताना अंशाखाली छेद लागतो हे घोकलं होतं, पण त्या खुर्चीत बसल्यावर छेद आठवत नाही.

माझ्या पहिल्या सायकलमध्ये, म्हणजे इंजेक्शनांपासून सुरू होणाऱ्या उपचाराच्या एका फेरीत, सोनोग्राफीत 9 फॉलिकल (ज्यांत बीज वाढतं त्या पिशव्या) दिसत होते. पिकअपला, म्हणजे सुईने बीजं बाहेर काढताना, 6 हाती लागली. त्यातली 5 पक्व. फलित झाली 3. पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे भ्रूणाच्या पुढच्या टप्प्यापर्यंत, पोहोचलं ते 1. त्याचं ट्रान्स्फर झालं, म्हणजे ते गर्भाशयात सोडलं गेलं, बीटा (दिवस गेल्याची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आला, घरात पेढ्यांची भाषा सुरू झाली, आणि आठव्या आठवड्यात ठोके थांबले. आता सांगा, माझी सायकल यशस्वी की अयशस्वी? सेंटरच्या माहितीपत्रकाप्रमाणे यशस्वी! त्यांचा टक्का 'दर ट्रान्स्फरमागे पॉझिटिव्ह बीटा' असा होता. हे बारीक अक्षरात तळाशी छापलेलंही होतं, म्हणजे खोटं बोलले असंही म्हणता येत नाही.

अंशात तीन गोष्टी बसू शकतात: पॉझिटिव्ह बीटा, सोनोग्राफीतले ठोके किंवा घरी आलेलं बाळ. छेदातही तीन: इंजेक्शनं सुरू केलेल्या सगळ्या बायका, पिकअपपर्यंत पोहोचलेल्या किंवा फक्त ट्रान्स्फर झालेल्या. वरचा सगळ्यात सैल आणि खालचा सगळ्यात लहान आकडा घेतला की टक्का फुगतो. औषधांना प्रतिसाद न मिळाल्याने जिची सायकल मध्येच रद्द झाली, ती तिसऱ्या छेदात कुठेच नसते. चाळिशीत अशा बऱ्याच असतात. वर 28 वर्षांच्या मुली आणि डोनर बीजं (दुसऱ्या बाईने दिलेली) वापरणाऱ्या बायका त्याच हिशेबात घातल्या की तुमच्या वयाचा म्हणून त्या आकड्यात काही उरतच नाही.

प्रामाणिक आकडा कसा दिसतो? ब्रिटनमध्ये 1991 पासून आयव्हीएफच्या सायकलींची नोंद नियामक संस्थेकडे ठेवली जाते. त्या नोंदींमधल्या दीड लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सायकल म्हणजे एकदा बीजकोश उत्तेजित केल्यावर झालेली सगळी ट्रान्स्फर, ताजी आणि गोठवलेली मिळून. आणि यश म्हणजे जिवंत जन्मलेलं बाळ. सगळ्या वयांचं मिळून पहिल्या सायकलचं यश 29.5 टक्के. स्वतःची बीजं वापरणाऱ्या 40 ते 42 वयाच्या बायकांत 12.3 टक्के. त्यांनी सहा सायकली केल्या तर एकूण शक्यता 31.5 टक्क्यांच्या आसपास जाते. 42 च्या पुढे दर सायकलला 4 टक्क्यांहून कमी.

31.5 म्हणजे काही शून्य नाही. दहांतल्या तिघींना बाळ होतं, ही मोठी गोष्ट आहे. पण त्यासाठी सहा वेळा इंजेक्शनं, सहा वेळा भूल आणि सहा वेळा बीटाच्या फोनची वाट, आणि तेवढं करूनही उरलेल्या सात जणी. मेसेजमध्ये या सातजणी नाहीत.

"विज्ञान कुठच्या कुठे गेलंय"

गेलंय, पण कोणत्या दिशेने ते बघा. 1978 मध्ये आयव्हीएफचं पहिलं बाळ, लुईझ ब्राउन, जन्मली तेव्हा तिच्या आईच्या गर्भनलिका बंद होत्या. आयव्हीएफने त्या नलिकांना वळसा घातला. 1992 मध्ये इक्सी आलं, म्हणजे एकच शुक्राणू सुईने थेट बीजात सोडायचं तंत्र. त्याने शुक्राणूंची संख्या कमी असलेल्या जोडप्यांचा मोठा अडसर दूर झाला. मग काही सेकंदांत बीज गोठवायची पद्धत सुधारली. एकेक अडथळा ओलांडला गेला. बीजाचं वय हा अडथळा मात्र आजही तिथेच आहे.

कारण बीजं रोज तयार होत नाहीत. मुलगी जन्मते तेव्हा तिच्याकडे 10 ते 20 लाख असतात, वयात येईपर्यंत 3 ते 5 लाख राहतात, 37 व्या वर्षी साधारण 25 हजार. पण खरी अडचण संख्येपेक्षा वेगळीच आहे. प्रत्येक बीज आईच्या पोटात असतानाच आपल्या विभाजनाच्या मध्यावर थांबलेलं असतं आणि ओव्ह्युलेशनची, म्हणजे बीजकोशातून बाहेर पडायची, वेळ येईपर्यंत तसंच थांबून राहतं. चाळिशीतलं बीज म्हणजे चाळीस वर्षं श्वास रोखून बसलेली पेशी. गुणसूत्रांच्या जोड्या बांधून ठेवणारी प्रथिनं या काळात झिजतात, आणि शेवटी विभाजन झालं की गुणसूत्रं नीट वाटली जात नाहीत. म्हणून चाळिशीच्या आसपास अर्ध्याहून अधिक भ्रूणांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. बहुतेक रुजत नाहीत; काही रुजतात आणि माझ्यासारखे आठव्या आठवड्यात थांबतात. इंजेक्शनांनी एका महिन्यात जास्त बीजं हाती येतात, पण त्यांचं वय कमी होत नाही.

(जाता जाता: इंजेक्शनांनी साठा लवकर संपतो ही भीतीही खरी नाही. त्या महिन्यात वाढायला लागलेली आणि एरवी विरून गेली असती तीच बीजं वाढवून काढली जातात.)

"45 व्या, 48 व्या वर्षी आई होत आहेत"

होतात. त्यातल्या कितीजणींनी डोनर बीजं वापरली किंवा आपलीच दहा वर्षांपूर्वी गोठवलेली वापरली, हे बातमीत नसतं. त्यांनी ते सांगायला हवं असंही नाही. तो त्यांचा खासगी मामला आहे. पण त्या फोटोवरून आपण आपल्या बीजांचा हिशेब मांडायचा नाही. डोनर बीज वापरलं की यशाचा टक्का घेणारीच्या नव्हे, मुख्यतः देणारीच्या वयाने ठरतो. गर्भाशय बीजाइतकं लवकर म्हातारं होत नाही. आईचं शरीर मात्र आपलंच वय घेऊन गरोदर असतं: रक्तदाब, गरोदरपणातला मधुमेह, अपुऱ्या दिवसांची प्रसूती हे धोके वयाबरोबर वाढतात, आणि जुळी असतील तर आणखी. म्हणून 'दोन सोडू, एक तरी लागेल' म्हणणाऱ्या डॉक्टरांना जुळ्यांचं काय, हे आधी विचारा.

डोनरचा निर्णय कमीपणाचा नाही, पण तो तडजोड म्हणून घाईने घ्यायचाही नाही. मला तो तिसऱ्या सायकलनंतर, टेबलावरचं बिल भरता भरता सुचवला गेला. पहिल्याच भेटीत, काउन्सेलरबरोबर बसून त्यावर बोलायला हवं होतं.

"एएमएच चांगला असेल तर घाई नको"

या वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण यात रिपोर्टचा कागद हातात असतो. एएमएच ही रक्तातल्या एका संप्रेरकाची तपासणी; तो किती बीजं मिळतील याचा अंदाज देतो, म्हणजे इंजेक्शनांचा डोस ठरवायला उपयोगी. बीजं कशी आहेत यावर तो जवळजवळ काहीच सांगत नाही; ते तुमच्या जन्मतारखेवरून जास्त कळतं. 41 व्या वर्षी उत्तम एएमएच असलेलीची बीजं 41 वर्षांचीच असतात.

उलट बाजूही खरी. कमी एएमएच आला म्हणून एखादी 33 वर्षांची मुलगी रडत बसते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 30 ते 44 वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या बायकांत एएमएच कमी असलेल्या आणि सर्वसाधारण असलेल्या यांच्या नैसर्गिकरीत्या दिवस जाण्याच्या शक्यतेत फरक दिसला नाही. हा रिपोर्ट थांबायचा परवाना नाही, तसा फाशीचा हुकूमही नाही. केव्हा जायचं याचा साधा नियम असा: पस्तिशीच्या आत वर्षभर प्रयत्न करून, पस्तिशीनंतर सहा महिन्यांनी, आणि चाळिशीनंतर वाट न पाहता तपासणी.

"बीजं गोठवली की निश्चिंत"

2012 पासून अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनेने बीज गोठवण्याला प्रायोगिक म्हणणं सोडलं; तंत्र चांगलं आहे. निश्चिंत हा शब्द चुकीचा आहे. 2017 मध्ये संशोधकांनी एक गणिती मॉडेल मांडलं. एक तरी बाळ होण्याची शक्यता 75 टक्के व्हावी यासाठी किती पक्व बीजं गोठवावी लागतील? 34 व्या वर्षी 10. 37 व्या वर्षी 20. 42 व्या वर्षी 61. माझ्या एका सायकलला 5 पक्व बीजं मिळाली होती. त्या वेगाने 61 ला तेरा सायकली लागतात. चाळिशीनंतर हा मेसेज वाचून जी गोठवायला निघाली आहे तिला हा गुणाकार कोणी करून दाखवत नाही.

"नवनवीन टेस्ट आणि टेक्निक"

पहिली सायकल फसल्यावर पेशंट ज्या मनःस्थितीत असतो, त्यात तो कशावरही सही करतो. मी गर्भाशयाच्या अस्तराच्या 'स्क्रॅचिंग'वर केली. कल्पना अशी की अस्तराला ओरखडा काढला की भ्रूण चांगलं रुजतं. 2019 मध्ये 1,364 बायकांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला: स्क्रॅच केलेल्यांत जिवंत जन्म 26.1 टक्के, न केलेल्यांत 26.1 टक्के. दशांश चिन्हानंतरचा अंकसुद्धा तोच! माझं स्क्रॅचिंग या निकालानंतरचं आहे. विचारल्यावर उत्तर मिळालं, "नुकसान तर नाही ना?" दुखलं होतं, आणि बिलात त्याची वेगळी ओळ होती.

भ्रूणाची गुणसूत्र तपासणी, म्हणजे पीजीटी-ए, एवढी निरुपयोगी नाही. चाळिशीत तिने एखादं निष्फळ ट्रान्स्फर, एखादा गर्भपात टळू शकतो. पण ती भ्रूण निवडते, सुधारत नाही. एकच भ्रूण असेल तर निवडणार कशातून? आणि तिच्या जाहिरातीतही छेदाचा तोच खेळ असतो: टक्का 'तपासणीत पास झालेल्या भ्रूणाच्या दर ट्रान्स्फरमागे' मोजायचा. ज्यांचं एकही पास झालं नाही त्या बाद.

"पुरुषांना वयाची अडचण नाही"

असते. आइसलँडमधल्या 2012 च्या जनुकीय अभ्यासानुसार वडिलांच्या वयातल्या दर वर्षामागे बाळात साधारण दोन नवे जनुकीय बदल वाढतात. वयस्क पुरुषांच्या जोडीदारांना दिवस जायला वेळ लागतो, गर्भपाताचं प्रमाणही वाढतं. वीर्यतपासणी ही या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात सोपी तपासणी. तरी आमच्याकडे ती माझ्या पाच टेस्ट झाल्यानंतर झाली.

"टेन्शन घेऊ नका"

2011 मध्ये चौदा अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. उपचारांआधीच्या मानसिक ताणाचा सायकलच्या निकालाशी संबंध आढळला नाही. तेव्हा खुशाल टेन्शन घ्या. निदान त्याचं खापर तरी आपल्यावर फुटणार नाही.

"हार मानू नका"

खासगी सेंटरमध्ये थांबा असं सहसा कोणी सांगत नाही. वाईट हेतू असेलच असं नाही; समोर रडणाऱ्या बाईला नाही म्हणणं अवघड, आणि पुढची सायकल हे उत्पन्नही आहे. म्हणून किती सायकली करायच्या हा आकडा पहिलं इंजेक्शन घेण्याआधी, डोकं ताळ्यावर असताना, दोघांनी मिळून कागदावर लिहावा. आम्ही तो उशिरा लिहिला, दुसऱ्या एका डॉक्टरबाई गाठल्यावर. त्या बाईंनी मी विचारायच्या आधीच पेन काढलं आणि फाइलच्या पाठीवर लिहिलं: वय 41, स्वतःची बीजं, सुरू केलेल्या सायकलमागे, घरी आलेलं बाळ. पुढे त्यांच्याच सेंटरमधला, या वयोगटाचा आकडा. एक अंकी होता. आम्ही दोघांनी तो पाहिला आणि तरीही एक सायकल केली, एकच.

पुढे काय झालं, असं विचारणाऱ्यांसाठी: ते मी इथे लिहीत नाही. बाळ झालं असं लिहिलं तर पुढच्या फॉरवर्डमध्ये "42 व्या वर्षी" म्हणून माझी भर पडेल, आणि झालं नाही असं लिहिलं तर एखादी एक अंकी शक्यता घ्यायला तयार असलेली बाई माझ्यामुळे माघारी फिरेल.