अख्खी फाइल मेमरीत ओढणं आता तरी थांबवा

अख्खीच्या अख्खी फाइल मेमरीत ओढायची, सर्व्हर आडवा पाडायचा आणि वर म्हणायचं, "रॅम कमी पडतेय, वाढवून द्या." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. ऐरोलीपासून महापेपर्यंत आयटी पार्कांची रांग लागलीय, देशातली मोठमोठी डेटा सेंटर्स याच पट्ट्यात उभी आहेत, आणि इथेच बसून पगार घेणाऱ्या कितीतरी जणांना मोठी फाइल धड वाचता येत नाही. लिहिता तर त्याहून येत नाही.

वीजमीटरच्या नोंदी घ्या. दर 15 मिनिटांनी एक नोंद म्हटली की एका मीटरच्या दिवसाला 96 ओळी. दहा लाख मीटर धरा, दिवसाला 9 कोटी 60 लाख ओळी झाल्या. ओळ 60 बाइटची धरली तर रोजची फाइल पावणेसहा जीबीच्या घरात जाते. यात घाबरण्यासारखं काय आहे? साधी साटा एसएसडी सेकंदाला पाचशे एमबीच्या आसपास वाचते. म्हणजे ही फाइल डिस्कवरून उचलायला बारा-पंधरा सेकंद लागतात. तरी ती वाचून हिशेब काढणारा जॉब, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, रात्रभर चालतो आणि पहाटे मरतो. का?

कारण कोणीतरी पायथनच्या पांडास लायब्ररीतलं रीड सीएसव्ही (सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल, वाचणारं फंक्शन) एका ओळीत लिहून मोकळं झालेलं असतं. कुठले कॉलम हवेत ते सांगितलेलं नाही, कुठल्या कॉलमचा प्रकार काय ते सांगितलेलं नाही. मग तारखा, गावांची नावं, सगळं मजकूर म्हणून मेमरीत येतं आणि डिस्कवर पावणेसहा जीबी असलेली फाइल मेमरीत काही पटींनी फुगते. मशीन स्वॅप करायला, म्हणजे रॅम संपली म्हणून डिस्कच रॅमसारखी वापरायला लागतं, बाकीचे जॉब रांगेत तुंबतात, शेवटी लिनक्स स्वतःच प्रोसेस मारून टाकतं. लॉगमध्ये एकच शब्द उरतो, किल्ड. आणि एवढा सगळा गोंधळ कशासाठी, तर प्रत्येक ग्राहकाची दिवसाची बेरीज काढायला! त्यासाठी लक्षात ठेवायचंय काय? दहा लाख ग्राहक क्रमांक आणि दहा लाख बेरजा. नुसत्या आकड्यांत ते 16 एमबी होतं. पायथनच्या डिक्शनरीत ठेवलं तरी अर्धा जीबी होत नाही. पोतंभर तांदूळ निवडायला बसलं की माणूस ताटात मावतील तेवढे घेतो, निवडतो, बाजूला करतो, पुढचे घेतो. फाइल अशीच तुकड्यातुकड्यांनी वाचायचा चंकसाइज नावाचा पर्याय त्याच रीड सीएसव्हीमध्ये दिलेला आहे. तो वापरायला मॅनेजरची परवानगी लागत नाही!

वाचणाऱ्याला एकट्यालाच का बोलू? लिहिणारा तर वाचणाऱ्याचा विचारच करत नाही. जेसनमध्ये (प्रत्येक मूल्यासोबत त्याचं नाव लिहिणारा मजकूर फॉरमॅट) पाठवतात, तेही एकच अजस्र अ‍ॅरे करून. म्हणजे सगळ्या नोंदी एकाच कंसात. मग नेहमीचा पार्सर (फाइल वाचून नोंदी सुट्या करणारा प्रोग्रॅम) शेवटचा कंस येईपर्यंत हातात काहीच देत नाही. ओळीला एक नोंद ठेवली असती तर निदान एकेक ओळ वाचता आली असती. शिवाय प्रत्येक नोंदीत कॉलमचं नाव पुन्हा पुन्हा. "कन्झ्यूमर नंबर" हे नाव इंग्रजीत, अंडरस्कोर घालून लिहिलं की अवतरणचिन्हं आणि विसर्गासारखी टिंबं धरून 18 बाइट होतात. 9 कोटी 60 लाख वेळा तेच लिहा, रोज 1.7 जीबी नुसत्या त्या एका नावाला जातात. आपली देवनागरी यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची नेहमीची पद्धत) अक्षर-मात्रेला 3 बाइट घेते. "नवी मुंबई" एवढं लिहायला 25 बाइट लागतात, प्रत्येक ओळीत ते लिहिलं की झाले 2.4 जीबी. यावर एका साहेबांचा तोडगा काय, तर गावांची नावं इंग्रजीत करा. अहो, कशाला? 2013 सालापासून पार्केट नावाचा फाइल फॉरमॅट आहे. त्यात एकाच कॉलमची मूल्यं एकत्र ठेवतात, तेच तेच नाव शब्दकोशात एकदा लिहून पुढे फक्त त्याचा क्रमांक वापरतात, आणि मला दोन कॉलम हवे असतील तर दोनच वाचता येतात. मराठी नाव मराठीतच ठेवा आणि फाइल लहान करा, दोन्ही होतं.

पण मला सगळ्यात जास्त संताप येतो तो अर्धवट लिहिलेल्या फाइलचा. समोरच्या टीमची स्क्रिप्ट आमच्या फोल्डरमध्ये थेट अंतिम नावानेच फाइल लिहायला घेते. तिचं लिहून व्हायच्या आत आमचा जॉब उठतो, फाइल दिसली म्हणून वाचायला लागतो, आणि सीएसव्ही अर्धी आहे हे कुठून कळणार? शेवट तुटलाय की तिथेच संपलीय, हे सीएसव्ही सांगूच शकत नाही. बेरजा निघतात, अहवाल जातो, कुठेही लाल रंगाचा एरर नाही. तीन दिवसांनी ग्राहकांच्या तक्रारी आल्या की फोन मला. आधी तात्पुरत्या नावाने लिहा, एफसिंक करा (सगळं खरोखर डिस्कवर उतरवा), मग रिनेम करा. एकाच फाइल सिस्टिमवर रिनेम एका फटक्यात होतं, वाचणाऱ्याला एकतर पूर्ण फाइल दिसते नाहीतर दिसतच नाही. चार ओळींचं काम आहे. सोबत ओळींची संख्या आणि चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) द्या म्हणून किती वेळा सांगायचं? पार्केटचा तर फूटर, म्हणजे आत कुठे काय आहे याची नोंद, फाइलच्या शेवटी लिहिला जातो, त्यामुळे अर्धी फाइल उघडतच नाही, जॉब तिथल्या तिथे ओरडतो. मला तेच हवंय, ओरडणारी चूक. गप्प बसलेली चूक लोकांच्या बिलात जाते.

आणि मध्येच कोणीतरी "जरा बघतो" म्हणून ती सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करतं! एक्सेलची शीट 10,48,576 ओळींवर संपते. त्याखालचं सगळं गेलं. ग्राहक क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गेली. बारा आकडी क्रमांक 1.23457E+11 असा दिसतो आणि सीएसव्ही म्हणून सेव्ह केला की तसाच लिहिला जातो, मधले आकडे कायमचे पुसले. इंग्लंडमध्ये 2020 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात जुन्या एक्सेल फॉरमॅटच्या 65,536 ओळींच्या मर्यादेमुळे कोरोनाच्या 15,841 रुग्णांच्या नोंदी वेळेत पुढे गेल्याच नाहीत, त्यांच्या संपर्कातल्या माणसांना शोधायला उशीर झाला. एवढं होऊनही आपल्याकडे "एक्सेलमध्ये उघडते ना, मग ठीक आहे" हीच तपासणी.

आठ कोटी ओळी व्यवस्थित झाल्यावर एका ओळीत जास्तीचा स्वल्पविराम निघाला की सगळा जॉब पडतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू. खराब ओळ बाजूच्या फाइलमध्ये टाका आणि पुढे चला, कुठवर आलो ते लिहून ठेवा, एवढंही कोणाला सुचत नाही. फाइल एकाच जीझिपमध्ये (दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये) कोंबलेली असते, ती मधूनच उघडता येत नाही, सोळा कोअरच्या (एकाच वेळी सोळा कामं करू शकणाऱ्या) मशीनवर एकच कोअर राबतो. तासातासाच्या चोवीस फाइली केल्या असत्या तर सोळाही कोअर कामाला लागले असते.

याचा भुर्दंड कोणावर? नुकत्याच लागलेल्या मुलामुलींवर. जॉब पडला की रीरनला त्यांनाच बसवतात. रात्री रबाळे-ऐरोलीहून ठाण्याला जाणारी शेवटची गाडी चुकली की रिक्षावाला मागेल ते द्यायचं, मुलींच्या घरून दर दहा मिनिटांनी फोन. कॉलेजात त्यांना लिंक्ड लिस्ट उलटी करायला शिकवलं, मुलाखतीत तेच विचारलं. प्रॅक्टिकलला दहा ओळींची फाइल. बफर (लिहायचा मजकूर आधी साठवायची मेमरीतली जागा) काय असतो, दर ओळीला फ्लश केलं, म्हणजे तो लगेच रिकामा केला की लिहिणं का रखडतं, हे सांगायची जबाबदारी कोणाची होती? आम्हा सिनिअर लोकांची. आणि आपले सिनिअर काय करतात, तर क्लाउडवर दुप्पट रॅमचं मशीन घेतात आणि "प्रश्न सुटला" असं मेलवर लिहितात. मीटर वाढले की पुन्हा तेच.

मी आता लेखी कळवलंय. पुढच्या महिन्यापासून ज्या फाइलसोबत ओळींची संख्या आणि चेकसम नसेल ती आमच्याकडे लोड होणार नाही, आणि ती परत का पाठवली हे फाइल बनवणाऱ्याच्या साहेबांनाही त्याच मेलमध्ये जाईल. आमच्या टीममधला जो कोड अख्खी फाइल एकदम वाचेल तो मी मंजूर करणार नाही, मग डेडलाइन उद्याची असली तरी. रॅम वाढवायच्या मागणीवर सही हवी असेल तर आधी कुठले कॉलम वाचताय ते मला समोर बसून दाखवा.