लंडन किती तास? आधी कोथरूडहून निघा, मग सांगतो

कुणाच्या मुलाला लंडनला ॲडमिशन मिळाली की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला: "फ्लाइट किती तासांचं?" कुणीतरी मोबाइलवर बघून लगेच टाकतं, ७,२०० किलोमीटर, साडेनऊ तास. झालं, सगळ्यांचं समाधान. माझं होत नाही.

एक तर हा हिशेब मुंबईपासूनचा. आपला पुण्याचा लोहगाव विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ, धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास. लंडनपर्यंतचं इंधन भरून मोठं विमान तिथून उडवणं अवघडच. २०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं, छानच आहे, पण टर्मिनल चकचकीत केलं म्हणून धावपट्टी लांबत नाही. आणि पुरंदरच्या नियोजित विमानतळाचं नाव काढूच नका.

म्हणजे रात्री दोनचं विमान असलं तरी शेअर कॅब संध्याकाळी सहाला कोथरूडच्या दारात. मग ती औंधला एकाला घेणार, वाकडला दुसऱ्याला. दुसऱ्याची बॅग डिकीत मावत नाही म्हणून तुमची काढून मांडीवर देणार. बोरघाटात एखादा ट्रक बंद पडला की तासाची निश्चिंती. फूड मॉलवर 'फक्त दहा मिनिटं' म्हणत अर्धा तास. पुढे वाशी, चेंबूर, मग चेक-इन आणि इमिग्रेशनची रांग. विमान जागचं हलतं तेव्हा घर सोडून आठ तास झालेले असतात आणि अंतर कापलेलं असतं जेमतेम दीडशे किलोमीटर!

बरं, हवेतही किलोमीटरवरून वेळ कळते असं नाही. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. लंडनहून येताना वेळ कमी लागतो तो त्यांच्यामुळे. एअर इंडियाने २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे वाऱ्याच्याच दिशेने पूर्वेकडे, न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढलं, वेळ मात्र दोनेक तासांनी घटला. आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा पडला. शहरं होती तिथंच, तास वाढले.

तरीही मला विचाराल, तर आईवडील एकटे जाणार असतील तेव्हा मुंबई सोडा, लोहगावहून दिल्लीमार्गे तिकीट काढा. नकाशावर हे उलटं वाटतं, मान्य. पण दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये असली की बॅगा बहुतेक वेळा थेट लंडनपर्यंत टॅग होतात, व्हीलचेअर आधी सांगून ठेवता येते, आणि पहिलं विमान लेट झालं तर पुढची सोय कंपनीने बघायची. घाटात अडकलात तर कुणाला फोन करणार? फक्त दिल्लीत मध्ये चांगले तीन-चार तास ठेवा. डिसेंबर-जानेवारीत तर पहाटेचं कनेक्शन घेऊच नका, तिथलं धुकं वाईट असतं.