दुरुस्ती म्हणजे काय दुय्यम काम?

जुन्या नाशकातला वाडा दाखवा, बांधकामवाल्याचं वाक्य ठरलेलं: "पाडून टाका ना!" अहो, ओल भिंतीत आहे, सागवानी खांब अजून ठणठणीत आहेत! पाडायचं कशासाठी?

टॉवर म्हटलं की आर्किटेक्ट, इंजिनिअर, भूमिपूजन, चौकाचौकात होर्डिंग. दुरुस्ती म्हटलं की "बघतो, कुणीतरी पाठवतो." तो कुणीतरी येतो आणि चुन्यातल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा थापून जातो. आतली ओल बाहेर पडायला वाटच उरत नाही, वीट भुसभुशीत होते, आणि मग हेच लोक सांगतात, वाडा धोकादायक झालाय! केला कुणी?

जुनं सांभाळणं नव्यापेक्षा अवघड आहे. भार कुठून कुठे उतरतो ते ओळखायचं, कुजलेली तुळई बदलताना वरचा मजला टेकूंवर तोलून धरायचा, चुना मुरवायचा. याला अक्कल लागत नाही? 30 वर्षांवरच्या इमारतींना कायद्याने स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, लागतं. कॉलेज रोडच्या कितीतरी सोसायट्या त्या वयाला पोचल्यात. त्याही सगळ्या पाडणार? आणि तो राडारोडा टाकणार कुठे, गोदावरीत?

चुना जाणणाऱ्या गवंड्याला आधी टॉवरवाल्याइतका मान द्या, आणि पैसेही!