एक घोट घेऊन दाखवा

माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाखाली कालपासून जो निळा नकाशा उमटला आहे, तो लिंबू, मीठ आणि कोमट दूध या तिन्ही घरगुती उपायांना पुरून उरला आहे. घडले ते एवढेच: एका कचेरीच्या दारात नोंदवहीत नाव लिहायचे होते, वहीला सुतळीने बांधलेले बॉलपेन अशा पेनांच्या रीतीप्रमाणे मृत होते, आणि मी मोठ्या ऐटीने खिशातून स्वतःचे शाईचे पेन काढले.

हे पेन चिनी आहे, मला साडेचारशे रुपयांना मिळाले आणि टोपण लावले की मुठीत दिसेनासे होते. तेच टोपण मागे खोचले की ते पूर्ण वाढीचे होऊन हातात बसते. युक्ती जुनीच आहे. जर्मन कावेको स्पोर्ट बंद असताना जेमतेम साडेदहा सेंटिमीटर भरते आणि तेही असेच वाढते. पण त्या वाढीचे पैसे माझ्यासारख्याला जड जातात. चिनी कारखाने दया करतात. ते दुसऱ्यांचे घाट उचलतात, हे मान्य केले पाहिजे; जिनहाओ ८२ पाहून ज्याला जपानी सेलर आठवत नाही, त्याने सेलर पाहिलेले नाही. पण घाट उचलला तरी निब सुरेख चालते, आणि रोज खिशात वागवायच्या वस्तूकडून मला कुळशीलाची अपेक्षा नाही. (शार्क माशाच्या डोक्यासारखे टोपण असलेले जिनहाओ मी काल घरीच ठेवले होते, हे माझे नशीब.) काल खिशात होते ते दुसऱ्याच एका कंपनीचे आणि संपूर्ण पारदर्शक. त्याला आत नळी नाही, रबर नाही. ड्रॉपरने थेट पोटात शाई भरायची. ती शाई चालताना आत हिंदकळते. मला ते पाहायला आवडते. दारावरच्या सुरक्षारक्षकाला आवडले नाही.

"हे काय आहे?"

"पेन."

"आत पाणी आहे."

"पाणी नाही, शाई आहे."

"पातळ काही आत न्यायचं तर एक घोट घेऊन दाखवावा लागतो, साहेब."

त्याच्या चेहऱ्यावर विनोदाची छटासुद्धा नव्हती. पाण्याच्या बाटलीचा नियम त्याला पाठ होता, आणि नियमात बाटलीचा आकार दिलेला नसावा.

एवढ्यात रांगेत माझ्यामागे उभे असलेले एक काका पुढे सरसावले. "अहो, शाई कशी पितील ते?" असे ते म्हणाले तेव्हा मला क्षणभर त्यांच्याविषयी खरोखरच प्रेम वाटले. पुढच्याच क्षणी त्यांनी पेन माझ्या हातातून काढून घेतले, चष्मा कपाळावर चढवला, क्लिपवरची अक्षरे नाकाजवळ नेऊन वाचली आणि रक्षकाला निदान सांगितले, "चायना! तरीच."

"तरीच काय?" मी विचारले.

"अहो, असला माल गळणारच. आमच्या वेळचं हिरो पेन आठवा. सोनेरी टोपण, खिशाला लावलं की माणूस शिकलेला वाटायचा. अकरावीच्या परीक्षेपासून निवृत्तीच्या अर्जापर्यंत एकाच पेनाने लिहिलं मी. एक थेंब सांडला असेल तर शपथ."

"काका, हिरो पेनसुद्धा चिनीच."

"काहीतरीच! हिरो लुधियानाचं. सायकली करतात तेच."

येथे मी गप्प बसायला हवे होते. पण पेनाचा नाद असलेल्या माणसाला चुकीचे विधान ऐकून गप्प बसता येत नाही, हा त्या नादाचा खरा खर्च आहे. मी सांगू लागलो की हिरोचा कारखाना शांघायचा, १९३१ साली हुआफू या नावाने निघालेला; हिरो हे नाव त्याला नंतर मिळाले; आपल्याकडे घराघरांत पोचलेल्या त्या हिरो ६१६ची निब टोपण काढल्यावरही टोकापर्यंत मानेखाली झाकलेली असते, कारण तिचा घाट १९४१ साली बाजारात आलेल्या अमेरिकन पार्कर ५१चा आहे; आणि लुधियानाच्या सायकलींशी या सगळ्याचा नावापलीकडे काहीही संबंध नाही. रांगेतील माणसे घड्याळे पाहत होती. काकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे माझी सायकल चायनाची?"

"माझ्याकडेपण हिरोच आहे," रक्षक प्रथमच माणसासारखा बोलला. त्यानंतर दोघे सायकलींच्या चेनकव्हरविषयी बोलत राहिले आणि माझे पेन काकांच्या हातात, बोलण्याच्या ओघात, फिरत राहिले.

"उघडतं कसं हे?" काकांनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता पिळले. या जातीच्या पेनांना आटे दोन जागी असतात: टोपणाचे आणि पोटाचे. टोपण घट्ट बसले असेल आणि पोटाकडच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावायचा आळस केला असेल (केला होता), तर टोपण निघण्याऐवजी ते निबेच्या मानेला सोबत घेऊन फिरते आणि शाईची टाकीच उघडते. सुदैवाने पेन अर्धेच भरलेले होते. एरवी अर्धे भरलेले पेनच अधिक ओकते, कारण आतली हवा खिशाच्या उबेने फुगते आणि शाईला बाहेर ढकलते; उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण ज्याने केली त्याच्याकडे ड्रॉपरचे पेन असावे. काल मात्र हवेला तसदी पडली नाही. एक मिलिलिटर शाई म्हणजे किती हे कळायचे असेल तर ती पांढऱ्या सदऱ्यावर ओतावी. उरलेली नोंदवहीवर पडली.

"बघा," काका रक्षकाला म्हणाले, "म्हटलं नव्हतं, गळतं?"

गळले नव्हते. सांडले होते, आणि त्यांनी सांडले होते. गळणे हा पेनाचा दोष आहे आणि सांडणे हा माणसाचा, एवढा फरक मराठी शाळेत अकरावीपर्यंत शिकलेल्या माणसाला कळायला हरकत नव्हती. पण मी तो सांगेपर्यंत काका बोटे माझ्याच रुमालाला पुसून माझ्याआधी आत गेलेले होते. माफी तर सोडाच, रुमालही परत मिळाला नाही.

तासाभराने मी बाहेर पडलो तेव्हा रक्षकाने वही उघडली. माझे नाव जेथे असायला हवे होते तेथे एक निळे तळे होते.

"तुमची आत आल्याची नोंदच नाही. बाहेर कसं सोडू?"

"मग पुन्हा लिहितो," मी म्हणालो, "पण कशाने?"

त्याने गणवेशाच्या खिशाचे बटण काढले आणि आतून एक नवेकोरे बॉलपेन माझ्यापुढे धरले.

"जपून वापरा," तो म्हणाला. "माझं स्वतःचं आहे."