"नेमून दिलेली कामे पूर्ण केली" एवढंच लिहू नका

31 मार्च झाला की आमच्या खात्यात सगळ्यांच्या हाती तोच कागद येते, स्वयंमूल्यनिर्धारणाचा, म्हणजे वर्षभर काय काम केलं ते आपलं आपणच लिहायचा. मी यवतमाळ जिल्ह्यात 11 वर्षांपासून कृषी सहाय्यक (2025 पासून पदाचं नाव सहायक कृषी अधिकारी) म्हणून गावोगाव फिरून राहिलो आणि त्यातली 8 वर्षं त्या कागदावर मी एकच ओळ लिहिली, "नेमून दिलेली कामे मुदतीत पूर्ण केली". जास्त लिहायची लाज वाटायची. आपल्या तोंडानं आपला मोठेपणा सांगू नये, लोकं सांगतील तेव्हा खरं, हेच घरात ऐकत मोठे झालो ना आपण. पण लोकं गावात जे सांगतात ते तालुक्याच्या फाईलपर्यंत पोचत नाही हे मले लय उशिरा समजलं.

एका वर्षी माझ्या वार्षिक अहवालात साहेबांचा शेरा आला 'ब', म्हणजे चांगला. ऐकायला बरं वाटते, पण त्याच्यावर ब+ म्हणजे निश्चित चांगला, मग अ, मग अ+ आहे, आणि पदोन्नतीच्या वेळी, 10-20-30 च्या (म्हणजे इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मिळणाऱ्या वरच्या पगाराच्या) लाभाच्या वेळी हेच जुने अहवाल काढून पाहतात. साहेबांना विचारलं तर म्हणाले, तुम्ही काही लिहिलंच नाही तर मी काय लिहू? लय राग आला, कारण त्या साली साहेब माझ्या गावात एकदाच आले होते, तेही बांधावर न उतरता. तरी त्यांचं अर्धं खरं होतं हे मी मानतो.

याच 'चांगला' शब्दापायी एक माणूस सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. देवदत्त, सीमा रस्त्यांच्या खात्यात कार्यकारी अभियंता. 1993-94 च्या अहवालात 'चांगला' लिहिलं, त्यांना कळवलंच नाही, आणि पदोन्नतीला 'अतिशय चांगला' लागत होता म्हणून त्यांचं नाव मागं पडलं. 2008 मध्ये कोर्टानं सांगितलं की शेरा कोणताही असो, वाईट असो का चांगला, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. प्रत्येक कर्मचाऱ्यानं हा निकाल माहीत करून घ्यावा.

आता आमच्या कामाचं सांगतो. 2017 साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, त्याच साली गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली, आणि तेव्हापासून आमचं निम्मं काम हे काही होऊ नये यासाठीचं आहे. काही झालं नाही की फाईलीत काय दिसणार? काहीच नाही.

तीन वर्षांमागची गोष्ट, नाल्याकडच्या एका काकांच्या शेतात कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावले होते, रोज सकाळी जाऊन पतंग मोजायचो, एका सापळ्यात दर रात्री 8 पतंग असे सलग तीन रात्री आले की फवारणीचा विचार करायचा असा हिशोब असते. तिसऱ्या दिवशी 11 निघाले. मग त्या काकांसोबत चालत चालत 20 हिरवी बोंडं तोडली आणि बांधावर बसून विळ्यानं एकेक चिरली, वरून बोंड साफ दिसते, आत गुलाबी अळी सरकीत तोंड खुपसून बसलेली. तीन बोंडांत सापडली, दहापैकी एकच असली तरी पुरे असते. काका गप पाहून राहिले होते. दुसऱ्याच दिवशी मास्क, हातमोजे घालून, वारा पाहून फवारणी झाली, आजूबाजूच्या सहा शेतकऱ्यांनीही केली.

दिवाळीनंतर कापूस वेचताना काका भेटले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही बोंड चिरून दाखोलं म्हणून येळेवर फवारलं, नाईतर यंदाची पराटी गेलीच होती."

मी गाडी बाजूला लावून रडलो, खरं सांगतो. 8 वर्षांत "छान काम करता हो" लय वेळा ऐकलं, मिटिंगमध्ये, निरोपसमारंभात, ते कधी मनात राहिलं नाही. काकांच्या एका वाक्यात मी काय केलं, कधी केलं, त्यानं काय वाचलं, सगळंच होतं. त्या मार्चला मी तेच वाक्य आकड्यांसकट कागदावर लिहिलं, त्यात मोठेपणा कुठं आला? झालं ते लिहिलं. आणि साहेबलोकांनाही हात जोडून विनंती आहे, वर्षातून एकदा तरी आमच्यासोबत बांधावर बसा, आणि चांगलं दिसलं तर तिथंच, शेतकऱ्यापुढं बोला, मार्चची वाट पाहू नका.

यावर्षी आमच्या सर्कलमध्ये एक नवी मुलगी रुजू झाली आहे, पावसात चिखल तुडवत सापळे पाहायला जाणारी. काल तिनं मसुदा पाठवला, "नेमून दिलेली कामे पूर्ण केली". मी परत पाठवला आणि म्हटलं, बाई, जुलैत तू त्या मजुरांना उघड्या अंगानं फवारताना थांबवलं होतं ना, ते लिही आधी.